खुर्ची सांभाळली, तोंड नाही

ती. मामांना भाच्याचा वाकून नमस्कार (खरंच वाकलोय, पेन टेबलाखाली गेलं होतं).

गुडघा कसा आहे? नवा आहे, तेव्हा घाई करू नका. तिकडे मावशी जिना चढू देत नाही म्हणे. तिचं ऐका. इकडे सगळे मजेत आहेत, मामी तर जरा जास्तच.

आता क्लबाचं. जाताना तुम्ही बजावलं होतं, ‘माझी खुर्ची सांभाळ आणि स्वतःचं तोंड सांभाळ. हातात बारा गुण असल्याशिवाय ब्रिजमध्ये बोली उघडायची नाही.’ मी मान हलवली होती. पण पहिल्याच डावात तीन एक्के आणि एक राणी आली आणि एक्क्याचे गुण चार की तीन, हेच आठवेना. तीन धरले, अकरा झाले, पास म्हणालो. चौघंही पास, डाव फुकट. पत्ते उघडे टाकल्यावर कळलं, माझ्याकडे चौदा होते आणि समोर भागीदाराकडे, म्हणजे तुमच्या दातांच्या डॉक्टरांकडे, अकरा. किडक्या दाढेकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. (दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणणाऱ्या माणसासमोर मी नेमका गप्प बसलो.)

आपले विरोधक म्हणजे माझे जुने हेडमास्तर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई. तुम्हाला ठाऊकच आहे, सरांना भारी पत्ते आले की ते ताठ बसतात आणि चष्मा पुसायला घेतात. शाळेत पेपर वाटताना अस्सेच करायचे. दुसऱ्या डावात पहिली बोली माझी, आणि सरांनी चष्मा काढला. माझ्याकडे सात इस्पिक, त्यात एक राणी आणि एक गुलाम, बाकी सगळा कचरा. गुण तीन. पण तो चष्मा बघून मला राहवेना. पास म्हणायच्या ऐवजी म्हणून टाकलं, ‘तीन इस्पिक.’

सर पुसायचे थांबले. त्यांना सावकाश एक, मग दोन असं करत वर जायचं होतं, आणि मी जिन्यातच फतकल मारली होती. बऱ्याच वेळाने ते ‘चार बदाम’ म्हणाले. बाईंकडे पुष्कळ होतं, पण आणखी वर जायचा त्यांचा धीर झाला नाही. बोली दहा हातांची आणि झाले बारा. बारा बोलले असते तर मिळणारं त्यांचं मोठं बक्षीस गेलं. डॉक्टर हळूच म्हणाले, ‘गुण कमी, पण एकाच रंगाचे पत्ते पुष्कळ, म्हणून बोली लवकर आणि उंच. मामांनी शिकवलं?’ मी हो म्हणालो. (खोटं तुमच्या नावावर टाकलं, पण चांगलं टाकलं.)

इथे थांबायला हवं होतं. तिसऱ्या डावात सरांनी परत चष्मा काढला आणि मी पाच चौकटींवर ‘तीन चौकट’ म्हणालो. सर शांतपणे म्हणाले, ‘डबल.’ म्हणजे बुडालो तर दंड दुप्पट. नऊ हात करायचे होते, झाले चार. सर चष्मा डबीत ठेवत म्हणाले, ‘दहावीतही हेच. एक उत्तर बरोबर आलं की सगळ्या गणितांना तेच.’ बाई हसल्या, डॉक्टर हसले, शेवटी मीपण.

असो. तुमची उशी खुर्चीवरच आहे.

तुमचा,
आईच्या भाषेत कार्टं

ता.क. गुडघ्याला नेमके किती आठवडे लागतील? सहज विचारतोय.

ता.क. २. सहज नाही. वार्षिक सामन्यांचा फॉर्म शनिवारी द्यायचाय आणि डॉक्टरांनी भागीदाराची ओळ कोरी ठेवलीय. म्हणाले, ‘अठरा वर्षं मामांबरोबर खेळतोय, एकदाही घाबरलो नाही. तुझ्याबरोबर एका संध्याकाळी तीनदा. मजा आली. पण मामांनी स्वतः लिहून कळवलं तरच तू.’ तेव्हा दोन ओळी लिहा. नको वाटलं तर तसं लिहा, मी राग धरणार नाही. फॉर्मला हात लावलेला नाही, तुमच्या उत्तराची वाट बघतोय.

ता.क. ३. वरचं शेवटचं वाक्य खोडायचं राहिलं. पण फॉर्मवर माझं नाव पेन्सिलीनेच लिहिलंय. जरा दाबून.