किल्ली थोरल्या बाईकडे

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू वरच्या मजल्यावरच्या बंद दाराची किल्ली मागितली आहेस, आणि ती न आल्यास कुलूपवाल्याला बोलावू, असंही कळवलं आहेस. म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. निमंत्रणपत्रिका वाचली. आपल्या घराचं संग्रहालय झालं त्याला पाच वर्षं होतात, त्यानिमित्त रविवारी प्रमुख पाहुणे 'गुप्त दार' उघडून भिंतीतल्या चोरजिन्याने खाली उतरणार म्हणे.

खाली येतील, पण जिन्याने नव्हे. तिथे जिनाच नाही. दारापलीकडे हवा आहे आणि बारा फुटांखाली फरशी.

पणजोबा एवढे नामांकित कंत्राटदार, पण स्वतःच्या घराचा मागचा जिना बांधायला विसरले. हे बाहेर फुटलं असतं, तर त्यांना कुणी कोंबड्यांचं खुराडंही बांधायला दिलं नसतं. म्हणून पणजीने दाराला कुलूप ठोकलं, बाहेरून वेल चढवला, आणि किल्ली घरातल्या थोरल्या बाईकडेच राहील, पुढच्या पुरुषांना पत्ता लागू द्यायचा नाही, असा दंडक घातला. चार पिढ्या आम्ही गप्प राहिलो. तू तिथे गाईड झालास आणि वर्षभरात आपल्या गोष्टींत त्या दारातून तीन बंडखोर पळवलेस! त्यांच्या कंबरा शाबूत राहिल्या का, तेही प्रेक्षकांना सांगत जा.

व्यवस्थापकांना रविवारच्या आत खरं सांग. रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस. माझा लोभ आहेच. तो टिकेल असं वाग.

तुझी ताई

दि. ७ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसलो, मग धावत मागच्या अंगणात गेलो. शिडी लावून वेल बाजूला केला. उंबरा खरोखर अधांतरी आहे. माळ्याने काय शोधताय विचारलं, तर चिमणीचं घरटं म्हणालो. आता तोही शोधतोय.

ताई, एक विनवणी आहे. किल्ली हरवली म्हणून कळव. कुलूपवाल्याला मी बघून घेतो. चौतीस वर्षं टपालाच्या खिडकीमागे बसलो. लोकांनी तिकिटं घेतली, माझ्याकडे पाहिलं नाही. इथे पोरं तोंडाचा आ करून ऐकतात. खरं सांगितलं तर व्यवस्थापक दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. शिवाय पणजोबांची अब्रू जाईल ती वेगळीच. तूच म्हणायचीस ना, घरातलं घरात ठेवावं म्हणून?

बंडखोर तीन नव्हते, चार होते. चौथा गेल्या महिन्यात वाढला.

रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.

तुझा धाकटा

दि. १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या विनवणीला उत्तर दिलं नाही, कारण ते द्यायला मी स्वतःच आले होते. रविवारी शेवटच्या रांगेत, खांबामागे बसले होते. किल्ली पर्समध्ये होती. तू खोटं बोलला असतास, तर भर सभेत उठणार होते. भाषणही तयार होतं.

ते वाया गेलं. तू घाम पुसलास, घोटभर पाणी प्यायलास आणि सगळं सांगून टाकलंस. सभा गार पडली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मग प्रमुख पाहुणे उठले. एवढे मोठे इंजिनिअर, पण आपण उमेदीच्या काळात दोन मजली दवाखान्यात संडास ठेवायलाच विसरलो होतो, असं त्यांनी माइकवरून सांगून टाकलं. त्यानंतर कोण हसायचं थांबतंय? पोरांनी तर तुला विसरलेला जिना तीनदा सांगायला लावला. तिसऱ्यांदा तू त्यात एक मांजर घातलंस. ते काढ.

व्यवस्थापकांना मी नंतर गाठलं. तुला काढणार नाहीत. दारासमोर कठडा घालून ते उघडं ठेवणार आहेत. खाली जिना बांधून द्यायची त्यांची तयारी होती. मी नको म्हटलं. पणजोबांनी बांधलेली बाकी सगळी घरं पडली, ही चूक तेवढी उभी आहे.

पुढच्या महिन्यात ये. लोभ होता त्याहून थोडा वाढला आहे, पण चढून जाऊ नकोस.

तुझी ताई

ता. क. व्यवस्थापकांच्या हाती सोपवलं ते असं: लोखंडी किल्ली, एक. तिचा काळा गोफ, एक. पणजीच्या हातची चिठ्ठी, एक. मजकूर: 'जिना राहिला. यांना विचारू नये. बाकी घर छान झालं आहे.'