टिटवीचा बंदोबस्त

रविवार, १ मार्च
आज तळ्याकाठच्या स्वयंसेवक गटात दाखल झाले. निवृत्तीनंतर माणसाने समाजासाठी काहीतरी करावं. घरात बसून काय करणार? घरात माणसं दोन, त्यातलं एक ऐकत नाही.

गटात शिस्त शून्य. कोणी कचरा वेचतं, कोणी पक्षी बघतं, कोणी नुसतंच पाण्याकडे बघतं. गट चालवणारा दाढीवाला मुलगा सगळ्यांना म्हणतो, जमेल तसं करा. जमेल तसं! मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. जमेल तसं म्हटलं असतं तर मुली भिंतीवरून उड्या मारून सिनेमाला गेल्या असत्या. (दोनदा गेल्या. पण भिंतच बुटकी होती.)

एक दंतवैद्य बाई आहे. अर्धी पिशवी कचरा वेचते आणि काठावर चटई पसरून लवंडते. चटई उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजनं. याला म्हणे योग. उद्यापासून तीन आठवडे लेकीकडे चालली आहे. जाऊ दे. एक आळशी कमी.

दाढीवाल्याला परगावी नोकरी लागली. २२ तारखेला गटाचा नवा प्रमुख निवडायचा आहे. कोण होणार हे उघड आहे.

जुनी शिट्टी ड्रॉवरमधून काढून पुसली. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की चालायचं.

गुरुवार, ५ मार्च
गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर एक लांब पायांचा पक्षी थेट डोक्यावर झेपावला. ओरडणं असं, की जणू मीच त्याच्या घरात शिरले. चिमट्यांचा डबा सांडला.

गच्चीवर मागच्या दुरुस्तीची खडी अजून पडली आहे. त्या पसाऱ्यामुळेच असले पाहुणे येतात. गच्चीवाल्याला फोन केला. खडी उचला, झाडून घ्या, वॉटरप्रूफिंगचा थर द्या. २२ तारखेला सकाळी येतो म्हणाला. मी म्हटलं, त्या दिवशी रविवार आहे. तो म्हणाला, बाई, तुमच्यापुढे रविवार काय नि सोमवार काय. समंजस माणूस.

रविवार, ८ मार्च, दुपार
ऐतिहासिक दिवस!

सकाळी गटातल्या प्रोफेसरांनी (प्राणिशास्त्र, निवृत्त) माहिती दिली की टिटवी घरटं बांधतच नाही. उघड्यावर, खड्यांमध्ये चार ठिपकेदार अंडी घालते. दगड कुठला आणि अंडं कुठलं, कळत नाही. एवढं सांगून ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघून गेले.

तासाभरात मी अंडी शोधली. काठावर, गवताच्या कडेला. चार! ठिपकेदार! अगदी एकमेकांना चिकटून.

एक शिट्टी मारली. सगळे जागच्या जागी थांबले. कोणालाही वीस पावलांच्या आत येऊ दिलं नाही. दाढीवाला म्हणाला, काकू, जवळून एक फोटो काढू का? मी म्हटलं, बाळंतिणीच्या खोलीत फोटो काढतोस का?

दोरी हवी होती. आमच्या ह्यांना गच्चीवरची कपड्यांची दोरी सोडून आणायला पाठवलं. छत्री उघडून वर गेले. आकाशात ढग नाही आणि ह्यांची छत्री. वय झालं.

मंगळवार, १० मार्च
बंदोबस्त चोख. दोरीच्या आत प्रवेश बंद. बॅडमिंटनवाल्यांना पलीकडे हलवलं. कुत्रा फिरवणाऱ्या गृहस्थांनी हुज्जत घातली. तळं काय तुमच्या मालकीचं आहे का, म्हणाले. मी दोन शिट्ट्या मारल्या. चालायला लागले.

टिटवी मात्र अंड्यांवर बसताना दिसली नाही. लाजत असेल.

गुरुवार, १२ मार्च
आता उलगडा झाला. गच्चीवरचा तो पक्षी टिटवीच आहे! पुस्तकातलं चित्र ताडून पाहिलं. डोळ्यांपुढे लाल चामडं, पाय पिवळे. म्हणजे तळ्यावरची टिटवी माझ्या मागोमाग घरापर्यंत येते. मुक्या जिवाला उपकारांची जाण असते. झेपावते ते आनंदाने.

हे सांगायला गेले तर हे म्हणाले, अगं, ती तळ्यावरून येत नाही, ती इथेच... मी म्हटलं, पक्ष्यांचं मला सांगू नका. हल्ली कपडे वाळत घालायला तेच जातात. दोरी नाही, तर कठड्यावर घालतात. आणि वर तासभर काय करतात देव जाणे.

शनिवार, १४ मार्च
पहाटे थंडी होती. आई बसत नाही म्हटल्यावर अंड्यांना ऊब कोण देणार? रबरी पिशवीत गरम पाणी भरलं आणि निघाले. हे म्हणाले, अगं, उकडशील ती! मी म्हटलं, पाणी कोमट आहे, मी काही अडाणी नाही.

पिशवी अंड्यांवर अलगद ठेवली, आता रोज पहाटे ठेवणार. हात लावला नाही, नियम म्हणजे नियम. टिटवी तेव्हाही आली नाही. हिला आई म्हणून काही जबाबदारी? वसतिगृहात असे पालक पुष्कळ पाहिले. पोरगी आमच्या हवाली केली की सुटले.

घरी आले तर टिटवीबाई आमच्या गच्चीवर घसा ताणून ओरडत होत्या. जिन्यातून तिला दोन शब्द सुनावले. जा, पोरांकडे जा! गेली नाही.

गुरुवार, १९ मार्च
२२ तारखेची जोरदार तयारी. प्रोफेसर नव्या डोळ्यांनी अंडी बघायला येणार. आधी अंड्यांचं दर्शन, मग माझं भाषण, मग निवड. भाषण तयार आहे. सुरुवात: टिटवीसुद्धा समुद्र आटवते, मग आपण का नाही?

हे म्हणतात, गच्चीवाल्याला पुढच्या महिन्यात बोलव. कारण विचारलं तर म्हणाले, वर चल, दाखवतो. मला वेळ आहे का गच्च्या बघत फिरायला! गच्चीवाला रविवारीच येणार. आठ वाजता.

शनिवार, २१ मार्च
प्रमुख झाल्यावर काय काय करायचं ते ठरवलं. गणवेश. हजेरी. लवंडण्यावर बंदी.

हे आज जेवताना म्हणाले, तू घरी असतेस तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, मग? म्हणाले, मग काही नाही, तळ्यावर जात जा.

रविवार, २२ मार्च, सकाळ ७
निघाले. हे घरीच थांबणार म्हणाले. बायकोच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि हे जिन्यात खुर्ची टाकून बसलेत. कोणाला अडवायला बसल्यासारखे.

रविवार, २२ मार्च, दुपार
जे घडलं ते लिहिते. मी कधी काही लपवत नाही.

सगळे दोरीभोवती उभे होते. प्रोफेसरांनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. मी भाषण सुरू केलं. टिटवी समुद्राच्या काठाशी पोचते न पोचते तोच मागून दंतवैद्य बाई आली. लेकीकडून आजच परतली. अय्या, माझ्यासाठी जागा राखलीत! असं म्हणून दोरीखालून आत शिरली. मी जीव खाऊन शिट्टी मारली. ती थांबली नाही. तिने पिशवी बाजूला केली, चारही अंडी उचलली, चटई पसरली आणि एकेका कोपऱ्यावर एकेक ठेवलं.

वर मला विचारते, माझ्या गोट्यांवर ही गरम पाण्याची पिशवी कोणी ठेवली हो?

कुत्रेवाले गृहस्थ इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

मी शांतपणे सांगितलं की गोटे असतील, पण टिटवी खरी आहे, रोज माझ्या घरी येते. प्रोफेसरांनी एकच विचारलं. गच्चीवर खडी आहे का?

घड्याळात पावणेआठ.

मी धावले. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा. मागे दाढीवाला, प्रोफेसर, चटई घेऊन दंतवैद्य बाई, सगळा गट. जिन्याशी पोचलो तर गच्चीवाला फावडं घेऊन एका पायरीवर आणि हे खुर्ची घेऊन दुसरीवर. गच्चीवाला म्हणत होता, साहेब, बाईंनी सांगितलंय, बाईंना कोण तोंड देणार? हे म्हणत होते, मी देतो, मला सवय आहे.

मला शिट्टी वाजवायला दम नव्हता. हातानेच थांब म्हटलं. तो थांबला.

वर खडीत चार अंडी. ठिपकेदार. त्यांवर टिटवी बसलेली. बाजूला पाण्याची बशी, ह्यांनी ठेवलेली. माझ्या चहाच्या चांगल्या सेटमधली.

हे म्हणाले, काखेत कळसा... मी म्हटलं, पुढचं मला येतं.

निवड जिन्यातच झाली. एकमताने. आमचे हे. त्यांनी भाषण केलं: हळू बोला.

सोमवार, २३ मार्च
माझी ती दोरी आता आमच्याच जिन्याला बांधली आहे. मला टिटवी ओळखते (माझा आवाज ऐकला की अंडी सोडून उठते), म्हणून वर जायची बंदी. मला खालच्या पायरीची ड्यूटी दिली आहे. काम: दाराची बेल कोणी वाजवू नये हे बघणे. जबाबदारीचं काम आहे. दंतवैद्य बाई सोबतीला येते. लवंडते. मी काही बोलत नाही. चटईवर दोघींना जागा होते, हे मात्र खरं.

शनिवार, २८ मार्च
चारही पिल्लं बाहेर आली. मी पाहिली नाहीत. बेल एकदाही वाजली नाही.

रविवार, २९ मार्च
पिल्लं गच्चीवरून खाली उड्या मारतील म्हणून प्रोफेसरांच्या सल्ल्याने आज त्यांना तळ्यावर पोचवलं. टोपली ह्यांच्या हातात. मागे सगळा गट. आणि सर्वांत पुढे, एकटी, मी. प्रोफेसरांनी मुद्दाम तसं ठरवलं. टिटवी फक्त माझ्याच डोक्यावर झेपावते, त्यामुळे टोपलीला धोका नाही. मिरवणुकीत पुढे कोण असतं हे वेगळं सांगायला नको. डोक्यावर पातेलं घातलं होतं.

शिट्टी सकाळपासून सापडत नव्हती. ती ह्यांच्या खिशात होती. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की चालायचं.

मी थांबले. मी चालले.