सोमवारचं पाणी

ब्रह्माघाट, वाराणसी
१२ मार्च १९९६

गं. भा. शरदिनी वहिनींस,
बिंदुमाधवचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळून अठरा दिवस झाले. इकडे सारे बरे आहोत. पद्माचे गुडघे पायऱ्या उतरू देत नाहीत, त्यामुळे ती गंगा खिडकीतूनच पाहते. प्रल्हादची भांडी आणि सतरंजी बांधून ठेवली आहेत. साताऱ्याकडे कुणी निघालं की पाठवतो.

मासे मारल्याच्या पापासाठी काशीत वेगळा विधी करून घ्याल का, असं तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर लिहायलाच इतके दिवस गेले.

आधी कुंडाचं सांगतो. मठाचं ते कुंड तुम्ही पाहिलंय, पण वरून. मी दहा वर्षं दर सोमवारी होडीतून मधोमध जातो आणि दोरीला बांधलेली बाटली व थर्मामीटर मीटर-मीटर खाली सोडतो. प्रयोगशाळेतली माझी नोकरी तीच. उन्हाळ्यापासून वरचं पाणी तापून हलकं होतं आणि वरच राहतं. थंड, जड पाणी तळाशी बसतं. मधल्या पट्ट्यात हातभर दोरी सोडली की पारा झरकन उतरतो. त्याच्या खाली हवा पोचत नाही. तिथल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. मासे वरच्या थरातच राहतात. कार्तिकात वरचं पाणी निवतं, दोन्ही सारखी होतात आणि तळ हळूहळू वर येतो. पण गार पाऊस आणि वारा एकदम आला, तर ते दोन-तीन रात्रींतच होतं आणि मासे गुदमरतात.

गेल्या कार्तिकात, बुधवारी सकाळी, कुंड मेलेल्या माशांनी पांढरं झालं. कुंडाची निगा प्रल्हादकडे होती; आदल्या दिवशी त्यानं शेवाळ मारायला मोरचूद टाकलं होतं. मूठभर. पायऱ्यांवर कुणी म्हणालं, "पंडितजी ने मछलियों को भी मोक्ष दिला दिया." लोक हसले.

प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांनी माझी वही पाहिली. सोमवारी दोन्ही थर शाबूत होते, म्हणजे इतक्यात तळ वर येणार नाही, म्हणजे विषच. तरी त्यांनी विचारलं, "बिंदुमाधवजी, सोमवार का नाप पक्का है न?"

मी म्हटलं, "जी."

सरांनी तसं लिहून दिलं. मठात तो कागद प्रल्हादसमोर वाचला गेला.

वहिनी, त्या सोमवारी मी होडी सोडलीच नव्हती. रविवारी गार पाऊस झाला होता, वारा होता. कार्तिकस्नान करून मी देवळात जपाला बसलो आणि मागच्या सोमवारचे आकडे जरा बदलून वहीत उतरवले. अशा पावसानंतर काय होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

पुढचं तुम्ही पाहिलंत. एकवेळचं जेवण, पौषातल्या पहाटे प्रायश्चित्त म्हणून गळाभर गंगेत उभं राहणं, मग छातीतला कफ. शेवटच्या आठवड्यात तुम्ही काढा करायला उठलात, तेव्हा त्यानं विचारलं, "बिंदू, तुझी बाटली कधी चुकत नाही ना रे?"

आम्ही गावच्या शाळेत एका पाटावर बसलेले. मी म्हटलं, "नाही."

तो भिंतीकडे वळला.

मणिकर्णिकेला नेताना मी पहिला खांदा दिला. सख्खा भाऊ इतकं करणार नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगत होतात. मी ऐकून घेतलं.

काल सरांना आणि मठाला सगळं लिहून दिलं. नक्कल सोबत आहे. तिकडे ज्यांनी बोल लावला, त्यांना वाचून दाखवा. सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अब लिखने से क्या होगा?" नोकरीचं काय ते ते ठरवतील.

विधी करू नका. ते मासे कुणीच मारले नाहीत. मी बाटली सोडली असती तरी ते मेले असते. प्रल्हाद मेला नसता.

तुमचं उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजेन.

तुम्ही ज्याला भाऊजी म्हणत होतात, तो
बिंदुमाधव