ताई, रविवारचं तिकीट रद्द कर

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (वाकताना टेबल धरलं होतं आणि सरळ होताना हिला धरलं, पण नमस्कार पूर्ण समजावा.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला थांबला, की अजून ‘काही नाही, घसा साफ करतोय’ हेच चाललंय? इकडे सगळं मजेत आहे. इतकं मजेत, की तू माझी विचारपूस करायला रविवारी मुद्दाम यायची काही एक गरज नाही, हे सांगायलाच कागद घेऊन बसलोय. फोन का केला नाही, ते पुढे येईलच.

तर झालं असं. एमएस माझ्या वाट्याला येऊन आता नऊ वर्षं झाली. (या नसांच्या आजाराचं ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ हे पूर्ण नाव आम्ही फक्त विम्याच्या कागदांवर वापरतो. घरच्या माणसाला कोण आडनावाने हाक मारतं?) आमचं बऱ्यापैकी जमलं होतं. डावा पाय त्याच्या मनाला येईल तेव्हा उचलला जातो, मी काठी घेतो, स्टुडिओत स्टुलावर बसून फोटो काढतो, कुणाची तक्रार नाही. अशात महिन्यापूर्वी सकाळी दाताला ब्रश लावला आणि डाव्या गालातून अशी कळ गेली म्हणतेस, की मी आरशासमोर मोठ्याने ‘आई गं’ केलं आणि ही आतून ओरडली, ‘आता काय फोडलंत?’ फोडलं काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून घास चावला तरी कळ, बोललो तरी कळ, गालाला नुसता वारा लागला तरी कळ!

मी आपला शहाण्यासारखा दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. अतिशय सज्जन माणूस. त्यांनी एका दाढेवर टकटक केलं, मी खुर्चीतून उडालो, ते ‘सापडली!’ म्हणाले आणि दाढ काढून मोकळे झाले. दाढ ठणठणीत होती. ताटलीत पडलेली ती पांढरीशुभ्र दाढ आम्ही दोघेही बराच वेळ बघत राहिलो. मग त्यांची नजर शेजारच्या दाढेकडे वळली, तसा मी काठी उचलून सुटलो. (नऊ वर्षांत इतक्या भरभर चाललो नव्हतो. वैद्यकशास्त्राने दखल घ्यावी.)

शेवटी आमच्या नेहमीच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. उंदराने वायरवरचं प्लास्टिक खावं, तसं एमएसनेच त्या नसेवरचं आवरण खाल्लंय म्हणे. मी विचारलं, बरं कधी होईल? बाई म्हणाल्या, ‘आटोक्यात ठेवू.’ ताई, नऊ वर्षांपूर्वी हीच खुर्ची आणि हेच वाक्य होतं! मला हसू आवरेना. हसलो म्हणून कळ आली, कळ आली म्हणून रडू आलं, आणि माझं ते ध्यान बघून पुन्हा हसू. हिने माझा हात इतका घट्ट धरला, की शेवटी मलाच तिला धीर द्यावा लागला.

गोळ्या सुरू झाल्या. कळ निम्म्यावर आली, पण डोकं हलकं झालं आणि एकाचे दोन दिसायला लागले. पहिल्याच दिवशी एक वकीलसाहेब पासपोर्टचा फोटो काढायला आले. मला दोन वकील दिसले. मी नीट विचार केला, त्यातला एक निवडला, आणि नेमका नसलेल्या वकिलाचा फोटो काढला. मागचा पडदा सुरेख आलाय. कडेला एक कान आहे. साहेबांनी तो आपलाच असल्याचं मान्य केलं, पण तेवढ्यावर पासपोर्ट मिळणार नाही म्हणाले. वारा नको म्हणून स्टुडिओतला पंखा बंद असतो, त्यामुळे सध्या माझी सगळी गिऱ्हाइकं गुन्हा कबूल करायला आल्यासारखी घामाघूम दिसतात. त्यात माझी अर्धी दाढी! डाव्या गालाला वस्तरा लावायची सोय नाही, उजवा गाल गुळगुळीत. एकीने विचारलं, हा आधीचा आणि नंतरचा नमुना म्हणून ठेवलाय का? गोळीचा अंमल होता, मी मान डोलावली. बोलणं शक्यतो टाळतो, म्हणून भिंतीवर पाटी लावलीय, ‘मालकांना हसवू नये’. ती वाचून प्रत्येक जण आधी स्वतः हसतो आणि मग मला हसवतो. आणि तू तर फोनवर नुसतं ‘हॅलो’ म्हणालीस तरी मला हसू येतं, म्हणून हे पत्र.

एकूण काय, चिंतेचं कारण नाही. प्रवासाची दगदग उगाच कशाला? दाजींना नमस्कार.

तुझा,
छोट्या

ता. क. तिकीट अजून रद्द केलं नसशील, तर एवढ्यात करू नकोस.

दुसरा ता. क. पत्र हिने वाचलं आणि म्हणाली, खरं कारण का लिहीत नाही? तर खरं असं, की दारात पाऊल टाकलंस की तू आधी माझा चेहरा दोन्ही हातांत धरतेस. त्रेपन्न वर्षांचा घोडा झालो तरी धरतेस. या वेळी धरलास तर मी ओरडेन. कळेचं काही नाही गं, ती मिनिटभरात जाते. पण तू झटकन हात मागे घेशील, आणि मग पुन्हा कधी धरणार नाहीस. लेक हल्ली दुरूनच हात हलवते. ही उशी मधे ठेवून झोपते. सगळे मला जपतात. ताई, मला त्याचीच फार भीती वाटते.

शेवटचा ता. क. रविवारी ये. उजव्या गालाला काही झालेलं नाही.