काकूंचा हात

८ फेब्रुवारी, रविवार

बाबा, फार वर्षं तुम्हाला काही लिहिलं नाही, माफ करा. तुम्ही गेल्यावर सुरुवातीला या वहीत तुमच्याशी बोलायचे. मग खालापूरचं ऑफिस, बस, मुलीची शाळा. पण ही कारणं खरी नाहीत. काही चांगलं घडलं की मी ते बाकीच्यांना सांगते. चूक झाली की तुम्ही आठवता.

भिवपुरीच्या क्वार्टरमधले दिवस. पॉवरहाऊसमध्ये तुमची मशीन सुरू झाली की खालच्या कालव्याला पाणी चढायचं. आधी भोंगा व्हायचा, धुणं धुणाऱ्या बायका कपडे गोळा करून वर यायच्या. शेजारच्या काकूंना मात्र ऐकू कमी यायचं. म्हणून तुमची दुपारपाळी असली की तुम्ही मला बजावून जायचात, वेळेवर कालव्यावर जा आणि काकूंच्या खांद्याला हात लाव. एकदा मे महिन्यात मी वाटेत करवंदं खात रमले. पोचते तर भोंगा होऊन गेलेला, काकू कमरेएवढ्या पाण्यात, हातात एक लुगडं, दुसरं वाहून गेलेलं. त्या हसल्याच. "अगं, कापडच ग्येलं, मी हाय ना!" घरी तुम्ही ओरडला नाहीत. कपबशी खाली ठेवून एवढंच म्हणालात, "भोंगा बाकीच्यांसाठी होता. तिच्यासाठी तू होतीस."

क्वार्टर सुटलं, तरी इथे गावातही काकू माझ्या शेजारीच आहेत. गेल्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत गावच्या माळावरच्या सौर प्रकल्पाचा ठराव आला. निवडणूक तोंडावर, त्यामुळे दोन्ही पक्ष बाजूनेच. एकाने वीजबिल माफ होणार म्हणून सांगितलं, दुसऱ्याने पोरांना नोकऱ्या. मागून एक म्हातारबाबा ओरडले, "सूर्य काय तुमच्या पक्षाचा हाय का रं?" सगळे हसले, मीही हसले. प्रकल्पाचे कागद वाचून समजावून द्यायला सरपंचांनी आदल्या दिवशी माझ्याकडेच दिले होते. नकाशात कुंपण अख्ख्या माळाला होतं. गुरांची वाट, काकूंच्या दोन गाईंचीही, तारेपाशी संपत होती. काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या, लाऊडस्पीकरवरचं त्यांना काही उमजेना.

"काय म्हनतात गं?"

मी कानाशी वाकून म्हणाले, "वीज येणार, काकू. धूर नाही, काही नाही."

"मंग?"

"मग हात वर करायचा."

माझा वर होता. त्यांनी केला. मागच्या बायका काकूंकडे बघून ठरवतात, हे मला ठाऊक होतं.

कुंपणाचं सांगायचं मी विसरले नव्हते, बाबा. सांगितलं असतं तर काकू उठून बोलल्या असत्या, ठराव पडला असता, आणि मला तो व्हायला हवा होता. अजूनही वाटतं, अशी वीज यायलाच हवी. तुम्ही जन्मभर बिनधुराची वीज केलीत, मी तिच्याच बाजूने उभी आहे, अशी त्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली. तुमचं काम वीज करण्याआधी, खालच्यांना सावध करण्यापासून सुरू व्हायचं, हे मला तेव्हा सोयीचं नव्हतं.

गेल्या आठवड्यात माळाला तार लागली. परवा काकूंनी दोन्ही गाई विकल्या. काल गेले तर त्या रिकामा गोठा झाडत होत्या. शेण नव्हतं, तरी झाडत होत्या. मला बघून चहा ठेवला. "कोनी आदी सांगितलंच नाय बघ," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुला तरी कुठं ठावं व्हतं? तू सांगितलं असतंस." त्या कपात साखर ढवळत होत्या, तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. मी चहा प्याले आणि निघून आले.

हे पत्र वहीतच राहणार. तुम्हाला सांगणं मला सोपं गेलं, कारण समोर चहा ठेवणारं कुणी नव्हतं.

उद्या: ऑफिसला जाण्याआधी नकाशा घेऊन काकूंकडे जाणे.