धुतल्यावर उमटेल

कसबा बावडा, कोल्हापूर
१२ मार्च १९७४

प्रिय वसंता,

तू फिल्म इन्स्टिट्यूटचा कॅमेरा जमा करायला पुण्याला गेलास आणि चौथ्या दिवशी अम्मी गेली, हे तारेनं कळवलंच होतं. तुझं पत्र मिळालं, पण उत्तर द्यायला हात धजत नव्हता. माझी दुसऱ्या वर्षाची फिल्म बुडाली, लेका. परीक्षेला दाखवायला काहीही उरलेलं नाही. वर्ष गेलं तर गेलं, त्याचं रडगाणं गायला मी बसलेलो नाही.

अम्मी कॅमेऱ्यासमोर यायला किती आढेवेढे घेत होती, आठवतं? जन्मात कधी फोटो काढू दिला नाही तिनं. पोराची परीक्षा म्हणून तयार झाली. अब्बांचं जेवण घेऊन बावड्याहून टॉकीजपर्यंत चालली, तेही तीनदा, कारण तुला ऊन पटेना. ते सगळं त्या एकाच चारशे फुटी रिळात होतं. धुवायला मी नेतो, असं तू म्हणालास. मी कसला शहाणा! माझी फिल्म मीच लॅबमध्ये नेणार म्हणून ठेवून घेतली.

गेल्या आठवड्यात एका सकाळी दूध घेऊन आलो, तर अब्बा अंगणात बसलेले. डब्याची चिकटपट्टी काढलेली, रीळ मांडीवर, आणि फिल्म उन्हाकडे धरून एकेक चौकट बघत होते. तीस वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये प्रोजेक्टरचं मशिन चालवलंय त्यांनी. आलेलं रीळ उजेडात धरून तपासायचं, हीच सवय. पण त्यांच्या हाती यायची ती धुतलेली फिल्म. न धुतलेलीला उजेड लागला की सगळं पुसून जातं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं घरी येऊन मोठमोठ्या बाता मारल्या मी, पण बापाला एवढं सांगितलं नाही.

ओरडणारच होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "तुजी अम्मी कुटं दिसंना रं. धुतल्यावर उमटंल न्हवं?"

मी "व्हय" म्हणालो. आता त्यांनी ओळखीतून छोटं मशिन आणून ठेवलंय. चाळिसाव्याला भिंतीवर चादर लावून सगळ्या भावकीला अम्मी दाखवणार आहेत. त्याला सोळा दिवस उरलेत. फिल्म पुण्याला धुवायला पाठवलीय असं मी सांगितलंय, त्यामुळं पुण्याचं काय कळलं, म्हणून रोज विचारतात. मी थापा मारतो आणि मोरीत जाऊन रडतो.

म्हणून हे पत्र. पहिल्या दिवशी कॅमेरा चालतो का बघायला तू दुसऱ्या एका रिळाच्या उरलेल्या तुकड्यावर पंधरा-वीस फूट घेतले होतेस. अम्मी दारात उभी राहून, आधी जेव म्हणून तुला दटावत होती. फोकस नाही, फेकून देतो म्हणालास. तू पसारेवाला, अजून फेकलं नसशील. ट्रंकेत, खाटेखाली, कुठंही असेल, शोध. डबी उजेडात उघडू नकोस, हे तुला सांगायला नको. धुवून घे आणि स्वतः घेऊन ये. धूसर असली तरी चालेल, वसंता. आणि नसेलच, तर तूच येऊन अब्बांना खरं सांग. माझ्यानं होणार नाही.

वाट बघणारा,
तुझाच निसार