खालची सही

॥ श्री ॥

बँकॉक,
२२ जानेवारी १९९६

ती. ताईस,
निरंजनचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. बाबा ठीक, मी ठीक, तू दिलेल्या चकल्यांचा भुगा झालाय, पण तो चमच्याने खाता येतो. हॉटेल बरं आहे. खिडकीखाली कालवा आणि कालव्यात बसच्या जागी होड्या. कंडक्टर चालत्या होडीच्या काठावरून तिकिटं फाडत फिरतो, आपल्या चारबाग स्टेशनच्या टेम्पोवाल्यांना आणून दाखवायला हवा. अच्छा, ते नंतर. आधी तुझी खरडपट्टी.

तुझं ते क्रेडिट कार्ड! आणि म्हणे तू बँकेतली! काल बाबांनी ठरवलं, परदेशातलं पहिलं जेवण ऐटीत व्हायला हवं. टेबलावर पांढरं कापड, मासे, भात, नारळाचं आइसक्रीम. बिल आलं तशी बाबांनी दोन बोटांत धरून कार्ड पुढे केलं, अगदी साहेबासारखं. वेटर गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने कार्डावरची बारीक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली, की हे फक्त भारत आणि नेपाळमध्ये चालेल. वर विचारतो कसा, तुम्हाला हे नेपाळ वाटलं का. मला तर टेबलाखाली जावंसं वाटलं यार. बाबा मात्र खो खो हसले. म्हणाले, निरू, आपण गाडी चुकलो, काठमांडूची धरायला हवी होती. शेवटी रोकड डॉलर काढले तेव्हा सुटलो. रोकड होतीच किती!

म्हणून आज ट्रॅव्हलर्स चेक. हा प्रकार मला आत्ता कळला. लखनौला बँकेत बाबांनी प्रत्येक चेकवर वरच्या ओळीत सही करून ठेवलीय, आता इथे खिडकीतल्या बाईसमोर खालच्या ओळीत तीच करायची, आणि दोन्ही जुळल्या तर पैसे. पहिला चेक झटक्यात वटला. दुसऱ्याच्या वेळी सही थोडी घसरली. बाईने कोऱ्या कागदावर पुन्हा करून मागितली, तशी बाबा तिच्यावर डाफरले. प्रवासाचा शीण, दुसरं काय. आणि हो, पुडक्यातला सगळ्यात वरचा चेक शेवटपर्यंत वापरायचा नाही, असं तू निघताना बजावलंस ते कशासाठी? बँकवाल्यांचा काही शकुन असतो का? मी निमूटपणे खालून वापरतोय.

बाबांच्या मागे उभं राहून वाटत होतं, इकडे आणा, मीच ठोकतो सही. नववीच्या प्रगतिपुस्तकाचा हात अजून गेला नसेल माझा. तेव्हा बाबा काय म्हणाले होते आठवतं? सही हुबेहूब आहे, पण हे मार्क बघून मी इतक्या आनंदाने सही केली नसती.

परवा रेल्वेने दक्षिणेकडे निघू. जन्मभर मानक नगरला रेल्वेच्या कचेरीत बसून डब्यांचे नकाशे काढले, आता एकदा परक्या देशाच्या गाडीत नुसतं बसायचंय, असं बाबांचं चाललंय. गंमत म्हणजे अजून स्टेशनही पाहिलं नाही आणि दोनदा विचारून झालं, कानपूर कधी येतं. मला वाटलं थट्टा करतायत, म्हणून मी म्हटलं, उन्नाव गेलं की. पेनांगच्या मोठ्या पोस्टात माझ्या नावाने पत्र टाक, ते ठेवून घेतात.

कार्डाचं मी विसरलो, तूही विसर. लोभ असाच असू दे.

तुझा,
निरंजन

॥ श्री ॥

निशातगंज, लखनौ,
१ फेब्रुवारी १९९६

चि. निरंजन यास,
स्वरदाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. कार्डाबद्दल काय लिहू? रोज काउंटरवर बसून लोकांना मीच सांगते की नीट वाचून घ्या, आणि ती ओळ माझ्याच नजरेतून सुटली. माझं लक्ष त्या दिवसांत दुसरीकडे होतं. इथून तुला तातडीने पैसे पाठवायची काही सोय होते का ते विचारून पाहिलं. नियमच असे आहेत की कागद हलेपर्यंत तुम्ही परत आलेले असाल. तेव्हा चेकांवरच निभावून न्यायचं.

त्याबद्दल थोडं सांगते, कंटाळू नकोस. चेक वटवायला सकाळीच जात जा, बाबांचा चहा झाल्यावर. एका दिवशी एकच. त्यांना खुर्चीत बसव, उभ्याने सही करायला लावू नकोस. आधी वरची सही त्यांना निवांत बघू दे आणि मग पेन दे. घाई करू नकोस आणि मागून थट्टा तर मुळीच नको. त्यांच्या शर्टाच्या खिशात हॉटेलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असू दे. अनोळखी बाजारात कुणीही चुकतं. आणि कानपूरचं पुन्हा विचारलं तर उन्नावचं उत्तर देऊ नकोस. आपण कुठे आहोत ते सांग, हळू सांग.

इथे कोहरा इतका दाट आहे की सकाळी दूधवाल्या भैयाचा आधी आवाज येतो, मग सायकल. शेजारच्या पद्माकाकू रोज बाबांची चौकशी करतात. त्यांना सांगते, मजेत आहेत. तुझ्याबरोबर लेहला निघणारे ते मित्र येऊन गेले, एप्रिलमध्ये निघायचं नक्की का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, तो आल्यावर बोला.

जपून राहा, आणि बहिणीवर आहे तेवढी माया पुरवून ठेव, लागेल.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

पेनांग,
१० फेब्रुवारी १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टाच्या पायरीवर बसून वाचलं. सकाळी, चहानंतर, बसवून, वरची सही दाखवून. ताई, हे तुला कसं माहीत?

कारण परवा आम्ही दुपारी गेलो होतो, उभ्याने, आणि मी मागून थट्टा करत होतो. बाबांनी पेन घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, काय लिहायचं? मी म्हटलं, सही. ते म्हणाले, हो, पण कुणाची? मी हसलो. मला काय माहीत! मग त्यांनी लिहायला घेतलं. त्यांची ती एका दमात ओढलेली शिरोरेघ नाही, आडनावातल्या शेवटच्या ‘र’चं मागे वळलेलं शेपूट नाही. नकाशाच्या कोपऱ्यात लिहायचे ना, तशी सुटी सुटी अक्षरं. म धु सू द न. इतकी देखणी की खिडकीतला माणूस जरा वेळ बघतच राहिला. मग त्याने वरच्या ओळीवर बोट ठेवलं, खालच्या ओळीवर ठेवलं आणि मान हलवली. चेक रद्द करून परत दिला. काल दुसऱ्या बँकेत तर फक्त ‘मधु’ लिहिलं आणि पुढे काय असतं म्हणून मला विचारलं. तो माणूस सभ्य होता. म्हणाला, वडिलांना डॉक्टरकडे न्या.

रोकड संपत आलीय. घरमालकीण चिनी म्हातारी आहे, भाड्याचं आठवड्याने बघू म्हणाली, पण आमच्या जिन्यावरून जाताना पावलं वाजवते. परतीचं विमान सिंगापूरहून, २८ ची तारीख पक्की, तिकीट बदलून मिळत नाही. तोवर रोज सकाळी बंदरावर जाऊन बसतो. इथे एक मांजर आहे, तिला शेपूटच नाही, इथल्या पुष्कळ मांजरांना नसतं म्हणे. बाबा तिच्याशी हिंदीत बोलतात. कुठे भरकटलो मी. फोन करत नाही, कारण बूथमध्ये बाबा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्यांच्यासमोर काय बोलू?

तुला माहीत होतं. तरी मला त्यांच्याबरोबर धाडलंस. का, एवढंच लिही. लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

निरंजन

॥ श्री ॥

लखनौ,
१७ फेब्रुवारी १९९६

चि. निरंजन यास,
अनेक आशीर्वाद.

हे स्पीड पोस्टाने टाकते, म्हणजे चार दिवसांत मिळेल. तुझा राग बरोबर आहे. नोव्हेंबरात बाबांना दाखवलं होतं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडात धरला आणि समजावून सांगितलं. औषध असं नाही. उतरणच आहे, जिना किती लांब एवढंच कळत नाही. ते माझ्याशी बोलत होते, पण बाबांनी सगळं ऐकलं. रिक्षात बसल्यावर म्हणाले, स्वरा, विसरायच्या आत ती परदेशातली गाडी बघून येऊ दे. मी नाही कसं म्हणणार होते? आणि तुला आधी सांगितलं असतं, तर तू त्यांना रुग्ण म्हणून नेलं असतंस. त्यांना तुझ्याबरोबर भटकायचं होतं. तुझी थट्टा हवी होती.

चेक घेतले तेव्हा माझ्याच शाखेत, माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी सह्या केल्या. पहिली मनाने केली, झरकन. दुसऱ्या चेकवर हात थांबला. मग मी पहिला चेक समोर धरला आणि त्याकडे बघून बाकीच्या केल्या. म्हणून तो वरचा चेक ठेवायला सांगितलं. शकुन नाही रे, तो कित्ता आहे.

आता जे लिहिते ते बँकेच्या माणसाने लिहू नये. सही जुळत नाही म्हणून मी किती म्हाताऱ्यांना परत पाठवलंय! तुझ्याबरोबर त्यांना पाठवताना मनात एक होतं, की वेळ आलीच तर तुझ्या हाताला ती सही येते. माझ्या येत नाही, मी कधी नापास झाले नाही. तेव्हा बाबांच्या हातावर हात ठेव आणि गिरवून घे. पाटीवर त्यांनी आपल्याकडून घेतलं होतं तसंच. मोठ्या बँकेत नको. नोटा बदलून देणारं एखादं छोटं दुकान बघ.

तुला खर्च पाठवता येत नाही, हा सल्लाच पाठवते. राग ठेव, पण त्यांचा हात सोडू नकोस.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

सिंगापूर,
२६ फेब्रुवारी १९९६

ती. ताईस,
निरंजनचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आमच्यानंतर घरी पोचेल. म्हणूनच लिहितोय. समोर बसून मला हे सांगता येणार नाही, मी काहीतरी मांजराबिंजराचं काढेन.

तुझं पत्र मिळालं त्याच सकाळी, चहा झाल्यावर, एका तमिळ म्हाताऱ्याच्या दुकानात गेलो. नोटा, घड्याळं आणि उदबत्त्या, सगळं एकाच काउंटरवर. बाबांना स्टुलावर बसवलं, वरचा चेक समोर ठेवला, त्यांच्या हातात पेन दिलं आणि वरून माझा हात ठेवला. त्यांचा हात इतका हलका लागला की मीच दचकलो. या हाताची मला केवढी धास्ती होती! म, धु, सू. शिरोरेघ ओढली, शेपूट मागे वळवलं. दुकानदार चेककडे कमी आणि आमच्याकडेच जास्त बघत होता. बाबांनी त्याला सांगितलं की हे आमचे मास्तर आहेत, फार चांगलं शिकवतात. ताई, नववी नापास मी, आणि मास्तर! दुकानदाराने भाव पाडून दिला, पण दिला. उरलेले सगळे तिथेच गिरवले, रोज एक. घरमालकिणीचं भागलं, इथवरची तिकिटं निघाली.

पेनांगहून इथे येतानाची गाडी छान होती. बाबा खिडकीशी बसले. त्यांनी डब्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. छत, जोड, खिडक्यांच्या कड्या, मी सगळं दाखवत होतो. म्हणाले, कुणीतरी विचार करून बनवलंय. मी म्हटलं, तुम्ही असेच डबे काढायचे, बाबा. त्यावर त्यांनी मला धन्यवाद दिले.

मग त्यांनी कागद मागितला. पेनांगला हात बसावा म्हणून मी बँकॉकच्या हॉटेलच्या कागदावर त्यांची सही काढून पाहिली होती, तोच दिला. ते माझ्या सहीवरून गिरवायला लागले. मला बघवेना. मी तो वरचा चेक काढून पुढे केला, म्हटलं, ती नको, ही गिरवा, ही खरी आहे. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी धरल्या, चष्मा वर करून बराच वेळ तपासल्या, नकाशा तपासायचे तशा. मग चेक मला परत दिला. म्हणाले, मास्तर, ह्या माणसाचा हात बसलेला नाही. तुमची चांगली आहे. आणि माझीच गिरवत राहिले.

लेहच्या मित्रांना नाही म्हणून कळव. कारण विचारलं तर सांग, मास्तरकी लागली.

तो चेक तेवढा उरलाय. तू म्हणशील, बँकेत भरून टाकू, पैसे परत येतील. त्यासाठी खाली सही लागेल आणि ती मी करू शकतो, कुणाला कळणार नाही, बाबांनाही नाही. पण ताई, वरची त्यांनी कुणाकडे न बघता केली होती. खालची जागा मोकळी राहू दे.

माझ्यावर लोभ असू दे, आणि बाबा विचारतील तेव्हा मी कोण ते तूच त्यांना सांगत जा.

तुझा,
निरंजन